दुखतंय की लागलंय?

ऑगस्ट लागला की वर्लीन टगल ओराच्या खाणावळीत जेवायला जाणं बंद करायची. ओराच्या तळलेल्या माशावर तिचा काही राग नव्हता. एरवी दर बुधवारी ती तिथं खिडकीजवळ बसून मासा, कोबीची कोशिंबीर आणि मक्याचा पाव निवांत खायची, आणि निघताना ओराच्या सांधेदुखीची चौकशीही करायची. पण ऑगस्टपासून नोव्हेंबर संपेपर्यंत हार्लन्स फेरी गावात कुणाला फुटबॉलशिवाय दुसरं बोलायला नसे, आणि वर्लीनला नेमकं तेवढंच बोलता येत नसे.

ती कॉलेजच्या फुटबॉल संघाची ट्रेनर होती; फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचा. ट्रेनर म्हणजे कसरत करून घेणारी नव्हे. घोटे बांधणारी, बर्फ लावणारी, आणि शनिवारी कोण उभा राहील अन् कोण बसेल हे ठरवणारी. कुणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, कुणाचा खांदा निखळून परत बसलाय, हे सगळं तिला ठाऊक असे आणि त्यातलं एक अक्षर बाहेर काढायची तिला मुभा नव्हती. गावाला हे मान्य नव्हतं. पोस्टातला माणूस पाकीट पुढं करून तसंच धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "बोलू नका मिस वर्लीन, नुसती मान हलवा. लेम खेळणार की नाही?" मान न हलवण्याची तिला इतकी सवय झाली होती, की रविवारी प्रवचनात सगळं चर्च माना डोलवायचं आणि ती एकटी खांबासारखी ताठ बसलेली असायची.

तिचा नवरा रॉय मोबिल शहरी निघून गेला त्याला बरीच वर्षं झाली. तो सप्टेंबरात गेला आणि वर्लीनच्या ते ऑक्टोबरात लक्षात आलं, असं गावात गमतीनं सांगत. ही गंमत पहिल्यांदा तिनंच केली होती. मग ती गावभर झाली, आणि दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना तिला तितकंसं हसू येईना.

तिची खोली व्यायामशाळेच्या तळघरात होती. चार उंच टेबलं, बर्फाचं यंत्र, आणि भिंतीला लागून चिकटपट्टीच्या रिळांची चळत. ही पट्टी कात्रीनं कापत नाहीत. दोन्ही अंगठे जवळ आणायचे आणि झटका द्यायचा, सरळ फाटते. एका सकाळी शेकडो वेळा. वर्लीनच्या उजव्या अंगठ्याचं मूळ त्यामुळं सुजून आक्रोडासारखं दिसायचं. तिच्या दारासमोरून मुलांची ये-जा असे आणि ती मुलांना चालीवरून ओळखे. मुलांनाही हे माहीत होतं, त्यामुळं जिन्यात लंगडणारा मुलगा तिच्या दारासमोर आला की सरळ चालू लागायचा.

आपणहून, काही दुखत नसताना तिच्याकडं येणारा मुलगा एकच होता. टोबायस पेटवे. नदीपलीकडच्या खेड्यातला, शेवटच्या वर्षाला, संघाचा सेंटर. पुढच्या फळीच्या मधोमध वाकून उभा राहायचा, चेंडू आपल्या दोन पायांमधून मागं द्यायचा आणि देताक्षणी समोरचा पहाड अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. दर सोमवारी सकाळी तो आईनं उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची ओलसर कागदी पिशवी घेऊन यायचा. वर्लीन कॉफी करायची. दोघं टेबलाच्या कडेला बसून शेंगा फोडायची, खारट पाणी मनगटावरून ओघळायचं, आणि टोबायस त्याच्या मावशीच्या कोंबड्यांपासून भूमितीच्या मास्तरांपर्यंत काहीबाही बोलत राहायचा. तिला बोलायला लागू नये म्हणूनच तो इतका बोलतो, असं तिला वाटे. सबंध मोसमात तिच्याशी कुणी एवढं बोलत असेल तर तो.

त्या वर्षी वेळापत्रकच वाईट होतं. पहिले तिन्ही सामने परगावी, आणि तिन्ही असल्या विद्यापीठांशी, की ज्यांचे राखीव खेळाडूसुद्धा हार्लन्स फेरीच्या पोरांपेक्षा डोकंभर उंच. अशा सामन्यांचे पैसे मिळतात, त्यावर कॉलेजचे बाकीचे खेळ चालतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्यानं हे सामने ठरवले तो अधिकारी केव्हाच दुसऱ्या कॉलेजात गेला होता. तेव्हा रागावायलाही कुणी समोर नव्हतं. कोच रुडिसिल तो कागद फळ्यावर लावताना एवढंच म्हणाला, "मी पाहुणा आहे वर्लीन. जेवणाचा बेत दुसऱ्यानं ठरवलाय."

अशा मोसमात काय होतं हे वर्लीननं पूर्वी पाहिलं होतं. ऑगस्टच्या शेवटी पोरांची अंगं अजून उन्हाला सरावलेली नसतात. समोरचा संघ दर थोड्या वेळानं ताजे गडी आत सोडतो. आपल्याकडं तेवढे गडीच नसतात. पहिल्याचा गुडघा जातो, त्याच्या जागी उभा राहिलेला दुप्पट खेळतो, दमलेले पाय अर्ध्या क्षणानं उशिरा उचलले जातात, आणि पुढच्या शनिवारी त्याचा घोटा जातो. मग तिसरा. ही साखळी तिला टेबलावर हात टेकून बसल्या बसल्या दिसायची. सांगायची कुणाला? कोचला ती दिसतच होती.

कोचचा प्रश्न ठरलेला होता. मैदानावर आडव्या पडलेल्या मुलाजवळ तो गुडघ्यावर बसायचा आणि मायेनंच विचारायचा, "काय रे पोरा, दुखतंय की लागलंय?" त्या मैदानावर या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. दुखत असेल तर खेळायचं, लागलं असेल तर बसायचं. मुलं म्हणायची, "दुखतंय फक्त, कोच." आणि कोच म्हणायचा, "मग खेळ." कोचच्या तोंडावर 'लागलंय' म्हणालेला एकच मुलगा वर्लीनला आठवत होता, आणि त्याचं हाड बाहेर दिसत होतं. म्हणून तो प्रश्न विचारून झाला की ती वाकायची आणि काही न विचारता हात लावून बघायची.

पहिल्या सामन्यात लेम गेला. लेम्युअल ब्रॅझिल, टोबायसच्या उजव्या हाताला उभा राहणारा, सहासष्ट नंबर, त्याचा जिवाभावाचा दोस्त. गुडघा असा वळला, की दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या सामन्यात आणखी दोघं गेले. आता टोबायसच्या दोन्ही बाजूंना पहिल्या वर्षाची पोरं होती, आणि त्यांच्या वाटचंही तोच अंगावर घेत होता. त्या सोमवारी तो शेंगा घेऊन आला, पण फारसं बोलला नाही. वर्लीननं मान कशी आहे विचारलं. तो म्हणाला, "मानेनं अजून तक्रार केली नाही, मिस वर्लीन. केली तर तुमच्याकडंच पाठवतो."

हार्लन्स फेरीची एक जुनी पद्धत होती. दुखापतीमुळं जो मागं राहिला त्याचं हेल्मेट संघाबरोबर बसमधून जायचं आणि सामनाभर बाकावर ठेवलेलं असायचं. तो नसला तरी त्याची जागा आहे, असा त्याचा अर्थ. जायबंदी मुलांचं सामान वर्लीनच्या खोलीत असे, म्हणून ही हेल्मेटं न्यायचं काम तिचंच. तिसऱ्या सामन्याच्या दिवशी तिनं तीन हेल्मेटं ओल्या फडक्यानं पुसली आणि बाकाच्या टोकाला ओळीनं मांडली. लेमचं पहिलं. मागच्या बाजूला पांढऱ्या आकड्यात सहासष्ट.

ते मैदान एवढं मोठं होतं, की वरच्या रांगांतली माणसं ठिपक्यांसारखी दिसत होती. दुसऱ्या भागापर्यंत सामना केव्हाच हातचा गेला होता. टोबायस एका धडकेनंतर उठला, दोन पावलं चालला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. तिकडच्याच एका मुलानं त्याला खांद्याला धरून वळवलं. लोक हसले. वर्लीनला हसू आलं नाही. तो बाजूला येताच तिनं त्याला बाकावर बसवलं आणि महिने उलटे म्हणायला सांगितले.

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर," टोबायस म्हणाला. "ऑगस्ट, जुलै."

"परत म्हण."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट." मग तो तिच्याकडं बघून म्हणाला, "दुखतंय फक्त, मिस वर्लीन."

"मी कुठं विचारलं?"

तिनं त्याचं हेल्मेट उचलून काखेत घेतलं. ट्रेनर लोकांची ही नेहमीची रीत. अशा अवस्थेतल्या मुलाला 'बसून राहा' सांगून उपयोग नसतो. तो आत पळतोच. पण डोक्यावर हेल्मेट नसेल तर पंच त्याला मैदानात घेत नाहीत. तिनं कोचला मान हलवून 'नाही' सांगितलं. मान हलवायची ती एवढीच एक जागा.

इतक्यात पलीकडं एका पोराच्या दोन्ही पोटऱ्या उन्हानं आवळल्या आणि तो गुरासारखा ओरडायला लागला. वर्लीन तिकडं गेली. टोबायसचं हेल्मेट मांडीखाली दाबून ती त्या पोराचे पाय ताणत बसली. वर पाहिलं तेव्हा हार्लन्स फेरीची फळी मैदानात मांडली जात होती, आणि मधोमध वाकणाऱ्या गड्याच्या डोक्यामागं सहासष्ट आकडा होता.

पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं. लेम आला, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या क्षणी आठवलं, लेम घरी पलंगावर आहे. मग तिची नजर खाली सरकली. पाठीवरचा आकडा अठ्ठावन्न होता, टोबायसचा.

तिनं पुसून, ओळीनं मांडून ठेवलेल्या तीन हेल्मेटांपैकी पहिलं त्याच्या डोक्यावर होतं. लेमच्या आणि टोबायसच्या डोक्याचं माप एकच.

ती उठली आणि पळाली. खेळ चालू असताना बाहेरचं माणूस आत गेलं की संघाला दंड होतो, हे तिला माहीत होतं. पण ती रेषेपर्यंत पोचेतो चेंडू सुटला होता, आणि समोरच्या गड्यानं टोबायसला छातीवर घेऊन उताणं पाडलं होतं. पंचाची शिट्टी झाली, तिच्या नावानं दंडाचा पिवळा रुमाल पडला. वरच्या भल्यामोठ्या पडद्यावर, काखेत हेल्मेट धरून डुलत पळणारी एक जाडसर बाई दिसली आणि एवढा थोरला जमाव मनापासून हसला.

टोबायस उठून बसला होता. त्यानं तिला अडवलं नाही, वादही घातला नाही. हेल्मेट स्वतःच काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे लेमचं आहे, मिस वर्लीन. लेम कुठंय?"

ती त्याला बाहेर घेऊन आली. दोन्ही काखांत दोन हेल्मेटं होती, म्हणून त्याचा हात धरता आला नाही. तो तिच्या बाहीला धरून चालत आला. कोचनं नंतर सांगितलं, मी पाहिलं नाही, पुढच्या फळीचा वेगळा कोच आहे, त्यानं त्याला पाठवलं. आणि फळीचा कोच म्हणाला, ट्रेनरनं सोडलंय असं पोरगाच बोलला. तिनं दोघांवर निम्मा निम्मा विश्वास ठेवला. उरलेला दोष स्वतःकडं ठेवला, कारण हेल्मेट बाकावर तिनंच ठेवलं होतं.

सोमवारी संघ एकत्र बसून सामन्याची फिल्म बघतो. ती जागा आली तेव्हा पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, बाई बघा कशी लेकराला शाळेतून न्यायला आली, आणि टोबायसला तेच नाव पडलं, लेकरू. ही हकिकत वर्लीनला लेमनं सांगितली. तो रोज गुडघा वाकवायला तिच्याकडं यायचा. कुबड्या भिंतीला लावत तो म्हणाला, "मी घरी झोपलोय आणि माझं डोकं घालून दुसरंच कुणी खेळतंय. असं पण होतं तर." ती हसली. मग तिनं टोबायस येणार होता का, असं विचारलं. लेमनं गुडघ्याकडं पाहिलं. "तो डॉक्टरांकडं थेट जातो आता, मिस वर्लीन. वरच्या रस्त्यानं."

त्या सोमवारी तिनं दोघांची कॉफी केली होती. सवयच तशी.

चौथा सामना घरच्या मैदानावर, जिंकण्यासारखा. वर्लीननं एकही हेल्मेट बाकावर ठेवलं नाही. पुन्हा कुणाच्या हाताला लागायला नको, एवढाच तिचा हिशेब. पण बाकाचं ते मोकळं टोक बघून पोरांची तोंडं उतरली. एकानं येऊन विचारलं, लेमला आता जागा नाही का. तिनं कारण सांगितलं. कारण बरोबर होतं आणि पोराचं समाधान झालं नाही. सामन्याच्या शेवटी बदली सेंटरनं मागं दिलेला चेंडू भलताच उंच उडाला, सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, आणि सामनाही गेला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच बसली होती. सोमवारी पोस्टातल्या माणसानं पाकीट दिलं आणि या खेपेला काही विचारलं नाही. तिला त्याच्या त्या 'नुसती मान हलवा'ची आठवण येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

टोबायसची डोकेदुखी थांबली, मग परत आली, मग गेली, मग पुन्हा आली. डॉक्टरांनी ऑक्टोबरमध्ये सांगितलं की या मोसमात नाही. त्याचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे कधीच नाही. तो साध्या कपड्यांत बाजूला उभा राहून सामने बघायचा, नेमका तिच्यापासून लांबच्या टोकाला. तो ताठ चालायचा. ती त्याच्या चालीकडं बघायची, कारण दुसरं काही बघता येत नव्हतं, आणि चालीत खोट सापडत नव्हती.

मोसम संपला की प्रत्येक खेळाडूला ट्रेनरकडून एकदा तपासून घ्यावं लागतं. त्यातून कुणाची सुटका नाही. नोव्हेंबरच्या शेवटी दोन दिवस तिच्या दाराबाहेर रांग लागली. टोबायस सगळ्यांच्या शेवटी आला. हात रिकामे होते. टेबलावर चढून बसला आणि समोरच्या बर्फाच्या यंत्राकडं बघत राहिला.

तिनं खांदे बघितले, मान बघितली, बोटामागं डोळे फिरवायला लावले. झोप येते का विचारलं. येते म्हणाला. वाचताना अक्षरं हलतात का? आता नाही. मग ती म्हणाली, "महिने."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर." तो थांबला. पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. "सप्टेंबर," त्यानं सावकाश म्हटलं, आणि पुढचे भराभर संपवले.

तिनं मान खाली घालून लिहिलं.

"मला त्यातलं काही आठवत नाही," टोबायस म्हणाला. "मी लेमचं हेल्मेट घेतलं, तुम्ही आलात, काहीच नाही. मी ते फिल्ममध्ये बघितलं. सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा." मग म्हणाला, "तुम्ही फार हळू पळता, मिस वर्लीन."

"काखेत हेल्मेट घेऊन पळून बघ."

तो हसता हसता राहिला. "आई म्हणते, त्या बाईचे आभार मान. दर रविवारी विचारते, मानलेस का? मी सांगतो, मानले."

"मग झालं की."

"नाही झालं. मला अजून जमत नाहीये." तो टेबलाची कड घट्ट धरून बसला होता. "तुम्ही बरोबर होता, हे मला कळतं. पण ते माझं शेवटचं होतं, आणि मला ते आठवतही नाही. राग कुणावर काढू? ज्यांनी ते सामने ठरवले त्यांचं मला नावसुद्धा माहीत नाही. तुमचं माहीत आहे."

वर्लीनला बरंच काही बोलता आलं असतं. बाकावर हेल्मेट मी ठेवलं, मी पाठ फिरवली, हे तरी. ते तिनं बोलून टाकलं, दोन वाक्यांत. टोबायसनं ऐकलं, आणि ते नवीन नसल्यासारखी मान डोलावली. लेम सगळं सगळ्यांना सांगत असे.

"मग राग राहू दे माझ्यावर," ती म्हणाली. "सोमवारी मी इथं असतेच."

तिनं कागदावर सही केली. पेन धरताना अंगठा वळेना, म्हणून तिनं ते दोन बोटांच्या फटीत धरलं. टोबायस ते बघत होता. खाली उतरता उतरता त्यानं कोचच्या आवाजात, हुबेहूब, विचारलं, "काय, दुखतंय की लागलंय?"

"दुखतंय फक्त," वर्लीन म्हणाली.

"मग खेळा," टोबायस म्हणाला, आणि गेला. जिन्यात त्याची पावलं एकसारखी वाजली, ताठ, आणि वरचं दार बंद झालं.

कोच रुडिसिलनं सकाळीच पुढच्या वर्षाचं वेळापत्रक तिच्या दाराला लावून ठेवलं होतं. पहिले तीन सामने परगावी. तिनं ते पुन्हा वाचलं नाही. टेबलं पुसली, बर्फाचं यंत्र बंद केलं, आणि ज्या टेबलावर आतापर्यंत दुसऱ्यांनाच पट्ट्या बांधल्या होत्या त्यावर स्वतः चढून बसली. अंगठा बांधायला तिनं एक नवं रीळ घेतलं. डाव्या हातानं दोन वेढे नीट दिले. मग पट्टी फाडायची वेळ आली, आणि त्याला दोन अंगठे लागतात. शेवटी तिनं पट्टी दातांत धरली आणि मान झटकली.